माझ्या नावाचे डोहाळे

माझ्या हातात लोणच्याच्या पाण्याचा पेला होता आणि समोर माझा नवरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा चेहरा करून उभा होता.

"पी," अभय म्हणाला. "आंबट हवंय ना तुला?"

मला आंबट नको होतं. मला त्या घटकेला एक खुर्ची हवी होती, आणि जमलंच तर पाय वर ठेवायला दुसरी. पेल्यातलं पाणी बिटानं लालभडक झालेलं होतं, त्यात कोबीचा एक तुकडा तरंगत होता आणि वास असा की नाकातून थेट मेंदूत जावा. दुकानाच्या काचेमागे छतापर्यंत बरण्या रचलेल्या. काकड्या, गाजरं, लसूण, कोबीचे गड्डे, सगळं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं. मी म्हटलं, मला हे नकोय. आंबट हवंय असं मी कधी म्हणाले? अभयचा चेहरा पडला. पण आई म्हणाली, सकाळपासून तुला आंबट खावंसं वाटतंय, असं तो म्हणाला.

मी आईंकडे बघितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेहून आणलेली सुती साडी, तिच्यावर अभयचं कॉलेजमधलं जाकीट आणि पायात पांढरे बूट, अशा अवतारात त्या बरण्या न्याहाळण्यात गुंग होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला. "नको असलं तर दे इकडे. टाकायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी तो पेला एका दमात रिकामा केला, तळाचा कोबीही खाल्ला आणि पदरानं तोंड पुसलं.

हा आमचा इस्तंबूलमधला पहिला दिवस.

आता ही सहल मुळात कुणाची होती ते सांगते. माझी होती. म्हणजे माझी आणि अभयची. मी तेव्हा पुण्यात एका टाइल्सच्या कंपनीत डिझाईनं करायचे. ऐकायला बरं वाटतं, पण काम म्हणजे पांढऱ्यावर करडी रेघ आणि करड्यावर पांढरी रेघ. लोकांच्या बाथरूममध्ये रंग चालत नाही असं आमच्या साहेबांचं ठाम मत होतं. इस्तंबूलमध्ये मसाल्याच्या बाजारापाशी रुस्तम पाशाची मशीद आहे, तिच्या भिंती खालपासून वरपर्यंत साडेचारशे वर्षांपूर्वीच्या हातानं रंगवलेल्या निळ्या टाइल्सनी मढवलेल्या आहेत, हे मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि तेव्हापासून मला त्या भिंतीसमोर एक तास गप्प बसायचं होतं. एवढंच. बाकी शहर नाही दिसलं तरी चालेल. मूल झालं की नोकरी सुटणार, निदान काही वर्षं तरी, हे ठरलेलं होतं. आत्ता नाही गेलो तर मग काय जातोय, असं मी अभयच्या डोक्यात महिनाभर भरवलं. डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यात प्रवासाला खुशाल जा म्हणून सांगितलं. तिकिटं बघायला सुरुवात झाली, आणि मग ही बातमी मिरजेला पोचली.

आप्पा म्हणाले, "कशाला?"

हा माझ्या सासऱ्यांचा आवडता शब्द. नवा कुकर? कशाला. नाटकाला? कशाला. आईंचा पासपोर्ट पाच वर्षांपूर्वी काढलेला होता, लेकीकडे मस्कतला जायचं म्हणून, आणि याच एका शब्दानं तो कपाटात साड्यांच्या खाली जाऊन पडला होता. माझ्या टाइल्सचं कळल्यावर तर आप्पा हसलेच. फरशा बघायला परदेशात? आपल्या मोरीत आहेत की, म्हणाले.

आणि मग आई म्हणाल्या, की पोटुशी पोरीला असं एकटं कसं सोडायचं, मी जाते बरोबर. अभय बरोबर असताना मी एकटी कशी, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आप्पांनासुद्धा नाही. सुनेची काळजी घ्यायला म्हटल्यावर त्यांचा शब्द घशातच राहिला. अभयनं मला न विचारता तिसरं तिकीट काढलं, आणि त्यावर कडी म्हणजे तिघांना मिळून एकच खोली घेतली. फॅमिली रूम होती, फार स्वस्त पडली, असं तो वर मला कौतुकानं सांगत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तर दुसऱ्या दिवशी माझी मशीद बघायची ठरली होती. न्याहारी करून मी ओढणीबिढणी घेऊन तयार होऊन खाली आले, तर अभय म्हणतो, आधी ट्राम. कुठली ट्राम? तर एका लांबलचक बाजारपेठेतून एक जुनी लाल ट्राम टिंगटिंग करत फिरते, एवढीशी, खेळण्यातल्यासारखी, तिच्यात म्हणे मला बसायचं होतं. मला! मी म्हटलं, अरे, मला नाही बसायचं. तो माझ्याकडे मायेनं बघत राहिला. आई म्हणालीच होती, म्हणाला, की तू भिडस्त आहेस, तोंडानं कबूल करणार नाहीस, उलट नाहीच म्हणशील.

आता यावर काय बोलणार? हो म्हटलं तर हो, आणि नाही म्हटलं तरी हो. माझा नवरा इंजिनिअर आहे, पुलांचे हिशोब करतो, पण डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते यावर त्याचा गाढ विश्वास. एरवी स्वभाव बापाचा. दोन स्टेशनांसाठी टॅक्सी कशाला, पाणी हॉटेलातनं भरून घेतलंय तर विकत कशाला. पण डोहाळे हा शब्द कानावर पडला की लोणी व्हायचं त्याचं. आम्ही ट्रामच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो आणि त्या टोकाहून या टोकाला आलो. मला बसायला जागा मिळाली ती मागच्या कोपऱ्यात, खिडकी आईंना. मी उतरायला उठले, तर अभय म्हणाला, थांब, आई म्हणतेय तुझं मन भरलं नसेल. मग परत त्या टोकाला.

उतरल्यावर आइस्क्रीमवाला. हाही माझाच डोहाळा. त्या माणसाची पद्धत अशी, की लांब दांड्याला चिकटलेलं आइस्क्रीम तुमच्या हातात द्यायचं आणि तुम्ही धरायला गेलात की नुसता कोन तुमच्या हातात ठेवून वरचं आइस्क्रीम पळवायचं. माझ्या पावलांची तोवर उशी झाली होती, बूट काचत होते, आणि हा गृहस्थ मला पाच-सहा वेळा रिकामा कोन देतोय. मी वैतागून बाजूला झाले. आई पुढे झाल्या. त्यांना त्यानं डावीकडून फसवलं, उजवीकडून फसवलं, एकदा कोन त्यांच्या नाकाला लावला, आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाशी धरून हसल्या, मग पदर सोडून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईतो. चार वर्षं झाली होती माझ्या लग्नाला, आईंना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. पण त्यांची पर्स, त्यांचं जाकीट आणि भडंगाची पिशवी माझ्या हातात होती, त्यामुळे त्या क्षणी मला त्यात काही गोड वाटलं नाही. आइस्क्रीम शेवटी त्यांनीच खाल्लं. मला घशाला त्रास होईल म्हणाल्या.

मशीद त्या दिवशी राहिली.

संध्याकाळी आप्पांचा व्हिडिओ फोन यायचा. आई पलंगाच्या कडेला सरळ बसून, फोन हातभर लांब धरून बोलायच्या. काय बघितलं, असं आप्पा विचारायचे, आणि त्या सांगायच्या, वरदाला डोहाळे लागले होते म्हणून ट्राममध्ये बसलो, वरदाला डोहाळे लागले होते म्हणून आइस्क्रीम घेतलं. त्यावर आप्पा, "असं होय, मग ठीक आहे." मी शेजारी पाय उंच करून पडलेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी बदनामी चाललेली. मिरजेत आता सगळ्यांना कळणार, की हुपरीकरांची सून परदेशात जाऊन नवऱ्याकडून आणि सासूकडून काय काय लाड करून घेते. मी बाथरूममध्ये गेले आणि आरशासमोर उभी राहून मनातल्या मनात खूप बोलले. बाहेर येऊन एकट्या अभयला गाठलं आणि सांगितलं, तुझी आई माझं नाव खराब करतेय. तो म्हणाला, आई तुझं एवढं करते आणि तू तिलाच बोलतेस? मी पाणी घेऊन येतो, म्हणाला, आणि गेला. आम्हा दोघींत वाजायची चिन्हं दिसली की अभयला पाणी आणायला जावंसं वाटतं. आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशी भाजलेले चेस्टनट, मग एका उंच बुरुजावर लिफ्टनं जाणं, मग नुसतंच एका पुलावर उभं राहून मासे धरणारी माणसं बघणं. ती माणसं गळ टाकून तासन् तास उभी होती, मीही उभी होते. मासे बघायचे डोहाळे कुणाला लागलेले मी तरी ऐकले नव्हते. मी शाकाहारी आहे.

राहता राहिला शेवटचा दिवस. संध्याकाळचं विमान. मी सकाळी दोघांना सांगून टाकलं, की आज फक्त मशीद. आज कुणाला काहीही लागलं, भूक लागली, ठेच लागली, तरी आधी मशीद. अभय हो म्हणाला. आईंनी निमूटपणे भडंगाची उरलेली पिशवी पर्समध्ये टाकली. आम्ही बाजाराच्या चौकात पोचलो. समोर समुद्र, धक्क्याला लागलेल्या मोठ्या पांढऱ्या बोटी, आणि पाठीमागे, दुकानांच्या वर, माझा घुमट. दिसत होता मला. जिना चढायचा तेवढा बाकी होता. मी वळले, आणि अभय दुसऱ्या बाजूला वळला.

"आधी बोट," तो म्हणाला. "पलीकडे जाऊन लगेच परत. तिकडे आशिया, इकडे युरोप. तुला बसायचंय ना? आई म्हणाली, काल रात्रभर तुझ्या मनात तेच होतं."

मी तिथंच थांबले. माणसं बाजूनं जात होती, कुणाचा तरी धक्का लागला.

"माझ्या मनात काय आहे ते या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत असतं," मी म्हटलं. "मला बोटीत बसायचं नाही. मला लोणच्याचं पाणी नको होतं, ट्राम नको होती, मासे तर नकोच होते. मला एकही डोहाळा लागलेला नाही, अभय. पाच महिन्यांत एकसुद्धा नाही. विचार तुझ्या आईला."

आवाज चढला होता माझा. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण भांडण सगळ्यांना कळतं. धक्क्यावर चहा पीत बसलेले दोन म्हातारे मान वळवून बघायला लागले.

अभय आईकडे वळला. पहिल्यांदा त्याला काही समजेना, मग एकेक करून समजायला लागलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पेला कुणी रिकामा केला. खिडकीत कोण बसलं. पुलावरून निघायला कोण तयार नव्हतं.

"मग हे सगळं कशाला?" तो म्हणाला.

अगदी आप्पा. तोच शब्द, तीच मान जराशी तिरकी, तोच आवाज. अभयला कळलंही नसेल. आईंनी मात्र ऐकलं. त्या पर्सच्या बंदाची गाठ सोडायला लागल्या, सुटली तरी सोडतच राहिल्या, आणि त्यांची मान काही वर होईना. हे माणूस चार दिवस माझ्या नावावर मजा मारत होतं, मला खरं तर आता गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अभयनं एकदा आईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मी पाणी घेऊन येतो."

बाकावर आम्ही दोघी बसलो. मध्ये पर्स.

"पहिल्या दिवशी खरंच तुझ्यासाठी मागितलं होतं," आई म्हणाल्या. "शपथेवर सांगते. तुझं तोंड सुकून गेलं होतं. तू नको म्हणालीस, मग मी प्यायले. चांगलं लागलं. मग माझ्या ध्यानात आलं, की तुझं नाव घेतलं की अभय नाही म्हणत नाही. हेसुद्धा नाही म्हणत नाहीत."

मी म्हटलं, मग स्वतःच्या नावावर मागायचं.

"माझ्या?" त्यांनी आत्ता माझ्याकडे बघितलं. "मी मागितलं की कशाला म्हणून विचारतात. आणि कशाला ते मला सांगता येत नाही, वरदा. बोटीत कशाला बसायचं? सांग की तूच. काय सांगायचं माणसानं?"

समोर एक बोट भोंगा वाजवून सुटली, तिच्यामागे पाखरांचा थवा ओरडत गेला. आई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मला अभयच्या वेळचं सांगितलं. त्यांनाही पाचवा महिना होता. हरिपूरला, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं, माणसांना पलीकडे सोडणारी नाव असायची. मिरजेपासून कितीसं लांब? त्यांना रात्रंदिवस त्या नावेत बसावंसं वाटायचं. एकदा धीर करून सासूबाईंना बोलल्या. सासूबाई म्हणाल्या, डोहाळे खायचे असतात, हिंडायचे नसतात, आणि मीठ लावून एक कैरी दिली हातात.

"मग अभयची लाळ गळायची?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"झबली भिजून जायची," त्या म्हणाल्या. "दिवसाला चार-चार."

मला हसू आलं, ते मी दाबलं, कारण माझा राग अजून संपलेला नव्हता. त्यांनी मला विचारलं, तू का नाही सांगितलंस त्याला, की फरशांचे डोहाळे लागलेत म्हणून? पहिल्याच दिवशी नेलं असतं की.

"मला डोहाळे म्हणून नकोत त्या," मी म्हटलं. "मला हव्यात म्हणून हव्यात."

आईंनी थोडा विचार केला. "म्हणून तर राहिल्यात," म्हणाल्या.

हे इतकं खरं होतं, की मला त्यांचा पुन्हा नव्यानं राग आला.

अभय पाण्याची बाटली घेऊन आला, चक्क विकत घेतलेली. लांबूनच अंदाज घेत आला. काय ठरलं, म्हणाला. आई उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि मशिदीच्या दिशेनं चालायला लागल्या. चला, वेळ जातोय, पोरीच्या फरशा बघून घेऊ, म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, दूध उतू जायला आलंय असं सांगावं तसा. पण चालताना त्यांनी एकदा मागं वळून धक्क्याकडे बघितलं. एकदाच.

मी मनातल्या मनात सगळ्या हुपरीकर घराण्याला चार शब्द ऐकवले.

"बोट," मी म्हटलं.

"पण तू आत्ताच तर म्हणालीस—"

"आता लागलाय डोहाळा. काढ तिकिटं."

पाच महिन्यांतला माझा पहिला डोहाळा तो, आणि तोही खोटा. आई वळून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. उगाच डोळ्यांत पाणीबिणी यायचं, आणि मला ते परवडणारं नव्हतं. चार दिवसांचा राग मला अजून पुरवून वापरायचा होता.

बोटीवर बाळानं पहिली लाथ मारली वगैरे काही झालं नाही. मी आतल्या बाकावर पाय पसरून बसले आणि खिडकीतून माझा घुमट लहान लहान होत जाताना बघितला. आई बाहेर कठड्याशी. तिथं लोक पाखरांना पावाचे तुकडे टाकत होते, पाखरं हवेतल्या हवेत झेलत होती. आईंकडे पाव नव्हता. त्यांनी पर्समधून भडंग काढला, मूठ भरली आणि दिली भिरकावून. वारा समोरून येत होता. सगळा भडंग परत बोटीत आला, शेंगदाणे, लसणीसकट. शेजारच्या बाईच्या रुमालावर चुरमुरे, एका गृहस्थाच्या चहात चुरमुरे, अभयच्या केसांत तर लग्नातल्या अक्षता पडाव्यात तसे. अभय सॉरी सॉरी करत सगळ्यांची माफी मागत फिरत होता. आई कठडा धरून हसत होत्या, जाकीट फुगलेलं, पदर उडतोय, आणि त्यांना तो धरायचं भान नाही. पलीकडे पोचलो तर त्या उतरायला तयार होईनात. उतरून परत बसायचंच आहे तर उतरायचं कशाला, म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून अभयसुद्धा हसला.

परत आलो आणि जिना चढलो. मी पुढे, बूट हातात घेण्याच्या तयारीत. वर दारात दोरी लावलेली होती. नमाजाची वेळ, पाहुण्यांना आत सोडत नव्हते. तिथला माणूस भला होता, त्यानं हातानं खूण केली, थोडं थांबा, मग या. पण आम्हाला विमान होतं. दाराबाहेरच्या भिंतीवर थोड्या टाइल्स होत्या, त्यांवर मी तळहात ठेवला. थंडगार लागल्या. आई मागे उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, आतल्या पण अशाच आहेत का गं? मी म्हटलं, मला काय माहीत. विमानात मी दोघांशीही बोलले नाही.

मुलगी झाली. रेणू. आणि गळायला लागली की हो लाळ. साधीसुधी नाही. लाळेरं बांधावं तर घटकेत ओलं, हनुवटी लाल, झबली दोरीवर कायम वाळत. तिच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही मिरजेला होतो. आप्पा तिला मांडीवर घेऊन बसले होते, त्यांचं धोतर भिजलं, तसे ते म्हणाले, "एवढं परदेशात नेऊन आणलं, सगळे लाड पुरवले, तरी काहीतरी राहिलेलं दिसतंय हिच्या आईचं."

पोळ्या लाटत होत्या आई. हातातलं लाटणं त्यांनी खाली ठेवलं.

"राहिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे राहिलंय. तिला त्या निळ्या फरशा बघायच्या होत्या. बोटीत मला बसायचं होतं. ट्राममध्येही मलाच. मी तिचं नाव सांगितलं."

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना हे गणित जमेना.

"तुला? बोटीत? कशाला?"

अभय पाण्याचा तांब्या घ्यायला उठला होता, तो तसाच थांबला.

"बसायचं होतं म्हणून," आई म्हणाल्या. मग त्यांनी लाटणं उचललं, पोळी फिरवली आणि पोळीकडे बघतच अभयला सांगितलं, "पोरीचं अंगावरचं सुटलं की दोन तिकिटं काढ. हिचं आणि माझं. पोरीला तुम्ही दोघं बघा."

आप्पांनी तोंड उघडलं होतं. रेणूनं त्यांचा चष्मा ओढला, आणि ते राहून गेलं.

आम्ही गेलो. पुढल्या हिवाळ्यात, रेणूला दोन पुरुषांच्या हवाली करून. पहिल्याच सकाळी मी जिना चढले, बूट काढले, डोक्यावर ओढणी घेतली आणि आत पाय ठेवला. खालपासून वरपर्यंत निळं. ट्यूलिपची फुलं, एकासारखं दुसरं नाही, मध्येच ओल्या कुंकवासारखा लाल. मी गालिच्यावर भिंतीच्या अगदी जवळ बसले. एका कळीची रेघ जराशी थरथरलेली होती. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणाचा तरी हात हलला होता, आणि कुणी त्याला ती पुन्हा काढायला लावली नव्हती. मला रडायला आलं, आणि या खेपेस मी आवरलं नाही.

आई डोक्यावर पदर घेऊन शेजारी बसल्या होत्या. भिंत बघत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, पुन्हा भिंत बघत होत्या. थोड्या वेळानं त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"वरदा, झालं का गं बघून?"

"आई, आत्ताच तर बसलोय."

"बस, बस. सावकाश बघ. माझी काही घाई नाही." त्या सरळ बसल्या. मग पुन्हा वाकल्या. "म्हणजे, मला बोटीत बसायचंय."

त्यांच्या पर्समधून भडंगाच्या पिशवीचं टोक बाहेर आलं होतं. मी एकदा त्या भिंतीकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि उठले.